बडीला सांगू नका

१

सहदेवला विहिरीतून वर ओढलं तेव्हा मी काठावरच उभी होते. पण त्याच्या मागोमाग माझा भाऊ वर येईना, म्हणून सहदेवकडे बघायचं मला आधी सुचलंच नाही. मग पाण्यावर मनोजचं डोकं दिसलं. डोळ्यांवरचा चष्मा गेलेला, नाकातून रक्त, आणि हा पायठ्यांना धरून ओरडतोय, "तो श्वास घेऊन राहिला का? सांगा ना कोणी, घेऊन राहिला का?"

घेत होता. पण ओठांवर लाल फेस आला होता. कॅप्टनसाहेब त्याच्यावर वाकले, त्याचे ओठ हलताना पाहून कान जवळ नेला, आणि काहीतरी ऐकून तसेच थांबले. सहदेवने डोळे मिटले ते मिटलेच.

कॅप्टननी त्याच्या पाठीवरचं हवेचं सिलिंडर सोडवलं. मीटर बघितलं. मग सिलिंडरच्या डोक्यावरची चावी हाताने फिरवून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. मनोज पायठ्या चढून वर आला तेव्हा सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "त्याची हवा तू बंद केलीस?"

मी तोंडाची फटकळ आहे, हे अख्ख्या अमरावतीला ठाऊक आहे. त्या क्षणी मात्र मी फक्त मनोजच्या नाकाचं रक्त पुसत राहिले.

मी गीतांजली. राजकमल चौकाजवळ आबेदाआपा आणि मी मिळून सहलींचं ऑफिस चालवतो. आपा मक्केला उमराहसाठी जाणाऱ्यांचं बघतात, मी काशी-रामेश्वरवाल्यांचं, आणि भांडणं दोघी मिळून बघतो. ही गोष्ट २०१५च्या उन्हाळ्यातली. सोयाबीन गेलेलं, संत्र्याच्या बागा वाळलेल्या, काशीलाही कोणी जाईना. अशात पुण्याचे हे निवृत्त नौदल अधिकारी आमच्याकडे आले. त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. कॅरिबियन समुद्रात बोनेर नावाचं बेट आहे, नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल एवढं. तिथे पाण्याखाली प्रवाळाची रोपं लावायला शिकाऊ पाणबुडे हवे होते. राहणं-खाणं त्यांचं. तिकिटं, व्हिसा, ॲम्स्टरडॅमला विमान बदलणं, हे सगळं आमच्याकडे आलं.

तिघं तयार झाले. कॉलेजात शिकवणारा माझा धाकटा भाऊ मनोज, अकोल्याची फिजिओथेरपिस्ट नगमा, जी आपांची सख्खी भाची, आणि चांदूर रेल्वेजवळचा फुलं पिकवणारा सहदेव. सहदेवला कॅप्टननी काम समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "रोपंच लावाची हायेत ना? मंग येतो मी."

तिघांत खरा पाण्यातला माणूस तोच. तालुक्यात कुणाच्या विहिरीत मोटर पडली की सहदेवला बोलावणं जायचं. त्या वर्षांत मोटरींपेक्षा माणसंच जास्त काढावी लागली. एकदा ऑफिसात बसून तो म्हणाला होता की विहिरीत स्वतःचा हात दिसत नाही, आधी हाताला लागतं आणि मग कळतं काय आहे ते. त्याला एकदा तरी तळ दिसणाऱ्या पाण्यात उतरायचं होतं.

सराव त्याच्याच शेतातल्या विहिरीत चालला होता. गावच्या विहिरी तळाला गेल्या होत्या, पण नाल्याकाठच्या या विहिरीत सहा-सात पुरुष पाणी होतं. आणि ती शेवटची परीक्षा होती, कारण बेटावरून निरोप आला होता की तीन नाही, दोनच जागा आहेत.

२

सहदेवला अमरावतीच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात ठेवलं. श्वास कोंडून एकदम वर आल्यामुळे फुप्फुसाला इजा झाली होती. शुद्धीवर कधी येईल, येईल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

दुसऱ्या दिवशी चांदूरचे ठाणेदार तिथेच आले. साताऱ्याकडचा माणूस, शांत, आणि शांत माणसांची मला भीती वाटते. पाण्याखाली कुणी एकटं जात नाही, जोडीदार असतो, आणि त्याला 'बडी' म्हणतात, हे कॅप्टननी त्यांना समजावून सांगितलं होतं. तुमची हवा संपली तर बडी त्याची देतो. तुमचा जीव त्याच्या हातात असतो. सहदेवचा बडी मनोज होता.

"शुद्ध जाण्याआधी तो कॅप्टनच्या कानात दोन वाक्यं बोलला," ठाणेदार म्हणाले. "बडीने बंद केला. बडीला सांगू नका."

दुसरं वाक्य त्यांना पहिल्याहून वाईट वाटत होतं. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला बडीची एवढी धास्ती, की आपण नाव घेतलं हे त्याला कळू नये. पुढचा हिशेब त्यांनी सरळ मांडला. सिलिंडर भरलेलं होतं. उतरण्याआधी सहदेवने सगळ्यांसमोर त्यातून श्वास घेतला, हवा येत होती. वर आला तेव्हा चावी जवळजवळ बंद. जागा दोन, माणसं तीन.

"आता तुम्हीच सांगा बाई, विहिरीत तिसरं कोण होतं?"

"बेडूक," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. सहदेव बोलला तर ठीक, नाहीतर उद्या संध्याकाळी मनोजला घेऊन जाईन, एवढं सांगून ते बाकावरून उठले. आबेदाआपा माझ्या शेजारी तसबीहचे मणी फिरवत बसल्या होत्या. बोटं थांबली नाहीत, पण त्या हळूच म्हणाल्या, "गीता, तू आता चूप राह्य. बोलणं माह्याकडे दे."

३

मनोज आमच्या ऑफिसात, काचेच्या मागे बसला होता. आपांनी त्याला कुणी केलं, का केलं, असलं काही विचारलं नाही. तुझ्या डोळ्यांनी काय दिसलं तेवढंच सांग, म्हणाल्या.

अपघाताच्या दोन दिवस आधीचं भांडण त्याने आपणहून सांगितलं. तो सहदेवला बोलला होता की तुला इंग्रजी येत नाही, तू तिथे काय करशील. त्यावर सहदेवने विचारलं होतं, माशांले येते का? सगळे हसले होते आणि मनोजला राग आला होता. "लय राग आला होता आपा. पण राग म्हणजे हे नाही," एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं.

विहिरीतलं त्याला तुकड्यातुकड्यांत आठवत होतं. उतरण्याआधी त्याने सहदेवचं मीटर पाहिलं, भरलेलं. खाली सहदेवला तळाचा एक दगड दोराने बांधून उचलायचा होता. तो जोर लावत होता तेव्हा मनोजने विजेरीच्या उजेडात परत मीटर पाहिलं.

"काटा नाचून राहिला होता. तो श्वास घे की काटा खाली, सोडला की परत वर. मले वाटलं मीटर बिघडलं."

त्यानंतर सहदेवने गळ्यावरून हात फिरवला, म्हणजे हवा नाही. मनोजने आपली जादा नळी पुढे केली, पण तोवर सहदेवचा धीर सुटला होता. त्याची लाथ तोंडावर बसली, चष्मा गेला, आणि सहदेव सरळ वर निघाला.

काट्याचं हे कुणाला सांगितलंस का, म्हणून मी खेकसले. कोणी विचारलंच नाही, म्हणाला. कॉलेजात पोरांना शिकवणारा माणूस! पण आपा माझ्याकडे बघत नव्हत्या. बोट वरखाली करून त्या काट्याचा नाच स्वतःशीच करून पाहत होत्या.

४

नगमा घाबरून अकोल्याला निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बडनेऱ्याहून गाडी पकडली. वाटेत मी एकच गोष्ट घोळवत होते. सामानाची जोडणी नगमाने केली होती. जागा तिलाही हवी होती. आणि ती आपांची भाची होती.

ती रडून सुजलेल्या डोळ्यांनी आमच्यासमोर बसली. आपांनी तिला जवळ घेतलं नाही, लांबच्या खुर्चीवर बसून एकेक विचारलं. तिने तिन्ही सिलिंडर कडुनिंबाखाली मांडली. प्रत्येकाची चावी थांबेपर्यंत उघडली. सहदेवचं ओळखू यावं म्हणून त्याचा खांद्यावरचा दुपट्टा त्याच्या सिलिंडरला गुंडाळला. मग सगळे चहा-पोह्यांना घरात गेले; मी शेतावर पोचले ती त्यानंतर. घर शेताच्या दुसऱ्या टोकाला, तिथून झाड दिसत नाही. मध्ये कुणी उठून गेलं नाही, कॅप्टनसुद्धा.

"आणि परत आल्यावर परत तपासलंस?" मी विचारलं.

नव्हतं तपासलं. उघडून ठेवलेलंच होतं, म्हणाली. मग जरा थांबून तिने एक गोष्ट सांगितली. चहाला जाताना सहदेवच्या नळीतून बारीक सूं-सूं येत होती. कॅप्टन म्हणाले होते, एवढं चालतं. परत आलो तर आवाज नव्हता.

"कैसे बंद हुआ?" आपांनी विचारलं.

"आपोआप बैठ गया होगा, खाला."

परतीच्या गाडीत मी मनातलं ओकून टाकलं. तुमची भाची म्हणून तुम्ही तिला सोडलं, माझ्या भावावर मात्र ठाणेदार बसलाय, असं आणि याहून वाईट बोलले. आपांनी सगळं ऐकून घेतलं. डब्यात पापडवाला आला, त्याच्याकडून दोन पापड घेतले, एक माझ्या हातात दिला.

"तुया भाऊ नाही तं माही भाची. दोघातला एक पाह्यजेच तुले? आपोआप काही बंद होत नाही गीता. कोणीतरी बंद करते, मंगच ते बंद होते."

५

कॅप्टन चांदूरच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात एकटेच बसले होते. रात्रभर झोपले नसावेत. आपांनी नाव न घेता विचारलं, सिलिंडर भरलेलं आहे आणि श्वासागणिक काटा नाचतोय, तर त्याचा अर्थ काय?

त्यांनी हवेतच चावी फिरवल्यासारखा हात फिरवला. मग सावकाश बोलले. व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नसतो. फट बारीक असते. पाण्याच्या वर तेवढ्यावर भागतं, खाली गेलं की भागत नाही. जोराचं काम केलं तर मुळीच नाही.

"म्हणजे पाण्यात कोणी बंद केला नाही," आपा म्हणाल्या. "जमिनीवरच तसा होता."

"हे मनोजने मला का सांगितलं नाही?"

"तुम्ही त्याला विचारलं होतं का?" हे मी बोलले. मला राहवेना.

त्यांनी मान खाली घातली. उतरण्याआधी प्रत्येकाची चावी स्वतःच्या हाताने फिरवून बघणं हे त्यांचं काम होतं. नेमका तेव्हा पुण्याहून फोन आला, आणि तुम्ही एकमेकांचं बघा म्हणून ते बाजूला गेले. आपल्या हातून राहून गेलेलं त्यांना दुसऱ्याच्या हातात बघायचं होतं, म्हणून मनोज सोपा सापडला. हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं, आणि त्याबद्दल मी त्यांना थोडंसं माफ केलं. थोडंसंच.

पण मनोज अजून सुटला नव्हता. पाण्यात नाही तर जमिनीवर, चावी फिरवायला वेळ किती लागतो? ठाणेदार हेच म्हणाले असते, आणि 'बडीने बंद केला' ते वाक्य तसंच उभं होतं.

आपा एका गोष्टीवर अडल्या होत्या. "ज्याले मारायचं असन तो पुरा बंद करीन. ज्याले नसन तो पुरा उघडीन. हा थोडासाच कोणं उघडला? इतकुसा उघडून ठेवते कोण?"

६

सहदेवच्या घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दारात त्याचे वडील, देवराव, पिशवी घेऊन दवाखान्यात निघण्याच्या तयारीत बसले होते. "बसा जी," म्हणाले, "बुडी डबा करून राहिली."

सहदेवची आई मैनाबाई आतून आल्या. बारीक, काटक बाई. दोन दिवसांत डोळे खोल गेले होते, पण आम्हाला बघताच चहा ठेवला. पोराला दवाखान्यात ठेवलेलं असतानाही आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत आहे. कधीकधी मला त्या रीतीचा राग येतो. आम्ही स्वयंपाकघरातच बसलो.

आपांनी विचारलं, त्या दिवशी सगळे पोहे खायला आले तेव्हा विहिरीपाशी कोण होतं?

"मी होती ना. निंबाखाली मोगरा निवडून राहिली होती."

"कोणी आलं होतं तिथी?"

"कोणीच नाही. कुत्रंबी नाही. पोराचं सामान होतं, मी हालली नाही तथून."

तिसरं कोणी आलंच नव्हतं, आणि हे सांगणारी बाई खोटं बोलेल अशी दिसत नव्हती. म्हणजे फिरून मनोज किंवा नगमा.

चहा गाळून मैनाबाईंनी शेगडी विझवली. मग वाकून ओट्याखालच्या सिलिंडरचं बटणही बंद केलं. मागे गल्लीतल्या एका घरात गॅस चालू राहून भडका उडाला होता, असं देवरावांनी सांगितलं. तेव्हापासून हिच्या मनाने धसका घेतलाय, कुणाच्याही घरी गेली तरी आधी सिलिंडर बघते. एवढं बोलून त्यांनी अजून अर्धा कप मागितला. मैनाबाई परत वाकल्या, दोन बोटांनी बटण टिचकन फिरवलं, जेमतेम पाव फेरा, आणि काडी लावली.

आबेदाआपांचा कप बशीवर ठेवता ठेवता थांबला.

त्यांनी चहा संपवला, मैनाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि उठल्या. बाहेर येऊन त्या ऑटोत बसल्या.

७

"मालूम झालं," त्या म्हणाल्या, "अन् नसतं झालं तं बरं होतं."

झाडाखाली मैनाबाई एकट्या होत्या. पोराचा दुपट्टा गुंडाळलेलं सिलिंडर सूं-सूं करत होतं. ज्या बाईला दुसऱ्याच्या घरचं सिलिंडर चालू दिसलं तरी चैन पडत नाही, तिने पोराचं तसंच राहू दिलं असतं का? चावी घट्ट होईपर्यंत फिरवून त्यांनी बंद केलं. सगळे परत येताना दिसले, तेव्हा पोराला तयार मिळावं म्हणून परत चालू केलं. घरचं करतात तसं, दोन बोटांनी, पाव फेरा. हवा आली, त्यांना वाटलं झालं. बंद करून उघडल्यावर ती सूं-सूं मात्र थांबली. तिथे 'कोणीच' आलं नाही हेही खरं, कारण स्वतःला कोणी 'कोणी'त मोजत नाही.

"पण सहदेव बडी म्हणाला ना," मी म्हटलं.

"त्यानं म्हटलं अन् कॅप्टननं ऐकलं. मघाशी दारात देवरावभाऊ काय म्हणाले तुले?"

मी आठवलं. बुडी डबा करून राहिली. बुडी. आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला म्हणतात, घरातल्या आईला लाडाने म्हणतात. मी जन्मापासून हा शब्द ऐकतेय. कॅप्टनच्या पुणेरी कानाला बुडी म्हणजे पाण्यात मारतात ती, माणूस नव्हे. शिवाय महिनाभर त्यांच्याच तोंडी 'बडी' बसलेलं. त्यांनी ओळखीचा शब्द ऐकला, आम्हाला तोच सांगितला, आणि आम्ही वऱ्हाडच्या बाया काखेत कळसा घेऊन अकोल्याला वळसा घालून आलो. सहदेवने परत येताना आईला सिलिंडरपाशी वाकलेलं पाहिलं असणार. खाली हवा तुटली तेव्हा ते त्याच्या ध्यानात आलं.

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मनोज सुटला होता! ऑटोवाल्याला मी म्हटलं, सरळ ठाण्यावर घ्या.

"दुसरी बात ऐक अगोदर," आपा म्हणाल्या. "बुडीले सांगू नका."

ऑटो चालत राहिला. मला दुसरं वाक्य आता कुठे ऐकू आलं. धास्ती कसली, काही नाही. छातीत रक्त साकळलेलं असताना, शुद्ध जाता जाता पोराने एकच काळजी केली, की हे आईला कळू नये. आणि तेच वाक्य माझ्या भावाच्या गळ्याला फास झालं होतं.

"मग माझ्या भावाला जाऊ देऊ?" मी विचारलं. रडत होते मी. "त्याची काय चूक?"

"कोणाचीच नाही," आपा म्हणाल्या. "तेच तं."

ऑटो विश्रामगृहाकडे वळवायला त्यांनी सांगितलं. कॅप्टननी सगळं उभ्यानेच ऐकलं. मग म्हणाले की शेवटची तपासणी त्यांची होती आणि ती त्यांनी केली नाही, यात खोटं काहीच नाही. तेवढंच ठाणेदारांना सांगितलं तर पुरे. प्रशिक्षणाचा परवाना जाईल. जाऊ दे. चावी अर्धवट कुणी ठेवली हे कॅप्टनला माहीत असण्याचं कारण नाही.

मी त्यांना उरलेलंही माफ केलं.

८

ठाणेदार दवाखान्यात वेळेवर आले. कॅप्टन त्यांच्याशी कोपऱ्यात बोलले, काट्याचं समजावलं, दोष स्वतःकडे घेतला. ठाणेदार मूर्ख नव्हते. त्यांनी आपांकडे बघून विचारलं, "आणि त्या दोन वाक्यांतला बडी?"

"तो मनोज नाही. कोण ते सहदेवलेच विचारा. तो सांगीन तं मी अडवत नाही."

त्याच सुमाराला नर्स बाहेर आली. सहदेवने डोळे उघडले होते. ठाणेदार आत गेले, आणि जेवढा वेळ ते आत होते तेवढा वेळ मी मनोजचं मनगट सोडलं नाही. बाहेर आले ते मनोजसमोर थांबले. पोरगा म्हणतो की चावी त्याची त्यानेच नीट उघडली नव्हती, बाकी शुद्धीत नसताना काय बोललो ते आठवत नाही. "मला वाटतं, त्याला आठवतंय," ठाणेदार म्हणाले, "पण त्यात गुन्हा दिसत नाही. जा तुम्ही घरी." मी भर दवाखान्यात मनोजच्या गळ्यात पडून रडले आणि वर त्याला दोन शिव्या दिल्या.

सगळं तिथेच संपायला हवं होतं. पण मैनाबाई डबा घेऊन व्हरांड्यात उभ्या होत्या. आत जाऊन आल्या होत्या, तरी डबा हातातच. त्या माझ्याजवळ आल्या.

"बाई, त्या दिवशी मी त्याच्या टाकीले हात लावला होता. बंद केली अन् मंग चालू केली. त्याच्यानं झालं का हे?"

मी आपांकडे पाहिलं. आपा शांतपणे म्हणाल्या, "नाही बाई. कॅप्टनची चूक. त्यायनं कबूल केलं."

मैनाबाईंनी मान हलवली. मग विचारलं, "मंग माहा पोरगा माह्या डोयात काहून पाहून नाही राहिला?"

आपांनी मैनाबाईंचा दंड धरला आणि त्यांना आत घेऊन गेल्या. मनोज आणि मी दारातच थांबलो. सहदेवचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. आपा त्याला म्हणाल्या की बाबा, दुसऱ्यानं सांगितलं तर तो आरोप होतो, तू सांगितलंस तर घरातली गोष्ट होते. आणि त्या बाहेर आल्या.

सहदेवने सांगितलं. आवाज निघत नव्हता, ओठ तेवढे हलत होते. मैनाबाई ऐकत उभ्या होत्या. उशाशी दवाखान्याचं ऑक्सिजनचं सिलिंडर होतं, आणि माझ्या लक्षात आलं की आत गेल्यापासून या बाईने दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून ठेवलेत. सहदेवच्याही ते लक्षात आलं असावं. तो हात पुढे करत राहिला, तेव्हा कुठे एक हात बाहेर आला.

"जाय तू त्या बेटावर," मैनाबाई म्हणाल्या. "तथी मी नाही हात लावाले."

"मंग तथी माह्याकडे पाहीन कोण?"

त्या वळल्या. मनोज दारात होता, नाकावर पट्टी, मान खाली. त्याला वाटलं त्या आपल्याला जा म्हणतील. मैनाबाईंनी त्याला जवळ बोलावलं, पोराचा हात त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा पाहीन."

मनोजने तो हात धरला, आणि नर्स येऊन बाहेर जा म्हणेपर्यंत सोडला नाही.